गोळीचा बोजारा

"मी घरी कायले बसू वो? रोवना सुरू असताना खाटेवर? लोकं म्हनतीन, बायजा गेली का काय!"

"हळू बोला ना, मावशी. दहा मिनिटाचं काम आहे. साहेब येतीन, तुमच्यासंगं दोन गोष्टी करतीन, फोटो काढतीन, चालले जातीन."

"मंग इथंच काढ म्हना फोटो."

"चिखलात?"

"चिखलात. मले काय पाहाले पाहुने येऊन राहिले का, पाटावर बसाले?"

भातलावणीला बांधीत वाकलेल्या बाया फसकन हसल्या. एकीच्या हातातली रोपं पाण्यात सांडली, तर बायजाबाईनं मान न वळवता तिला एक शिवी हासडली आणि पुन्हा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या पोरीकडे पाहिलं.

ती पोरगी प्रतिक्षा. पवनीची, शिकलेली, नागपूरच्या एका ट्रस्टमध्ये नोकरीला. ट्रस्टच्या मदतीवर असलेल्या कॅन्सरच्या पेशंटांची गावोगाव फिरून खबरबात घ्यायची, हे तिचं काम. पगार ट्रस्टचा, शिव्या पेशंटांच्या. स्कूटी तिनं डांबरी रस्त्यावर लावली होती आणि चपला हातात घेऊन ती धुऱ्यावर तोल सांभाळत उभी होती.

"आन गोळीचं काय झालं?" बायजाबाईनं विचारलं.

प्रतिक्षा धुऱ्यातल्या खेकड्याच्या बिळाकडे पाहत राहिली.

"बोल ना. मी तुले इचारून राहिली, खेकड्याले नाही."

"वर सांगितलं आहे, मावशी."

"वर कोन हाये? वर तं आभाळ हाये."

"आज जे साहेब येऊन राहिले ना, त्याइच्याच देणगीवर दुसरा टप्पा आहे. तुम्ही चांगलं बोला म्हणजे झालं. रागात येऊ नका."

"त्याइच्याच पैशावर?" बायजाबाईनं कंबरेतून सरळ होत विचारलं. "मंग बरं झालं. त्यालेच इचारते गोळीचं. तू मधात बोलू नोको."

प्रतिक्षाच्या तोंडचं पाणी पळालं. पण आता काही इलाज नव्हता. बायजाबाईनं एकदा ठरवलं की आसगावात कोणाच्या बापाचं चालत नसे.

बायजाबाई म्हणजे आसगावची रोवण्याची म्होरकी. माहेर तिकडे तुमसरच्या अंगाला, सिहोऱ्याचं. लग्न होऊन इकडे आली तेव्हा सासूनं तिचा पंजा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "चांगला मोठा हाये. पेंडी बसन." पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं; ती उपटून त्यांची जुडी बांधली की पेंडी. सासूचं म्हणणं खरं निघालं. तेव्हापासून त्या हातात दर पावसाळ्यात पेंडी बसली ती आजवर. नवरा तापानं गेला तेव्हा पोरगा सुगत शाळेतही जात नव्हता. बायजाबाईनं तेरवी-चौदावीचा घोळ घातला नाही. विहारात वंदना झाली आणि दुसऱ्या आठवड्यात ती गल्लीतल्या बाया गोळा करून बांधीत उतरली. मालकाशी बोलणं तिचं, ओळ तिची, शिव्या तिच्या. चौरास पट्ट्यातली काळी माती, गुडघाभर चिखल, आणि त्यात बायजाच्या टोळीची ओळ अशी, की बगळ्यानं मधून चालावं अन् त्याच्या पायाला एक रोप लागू नये.

टोळीचे नियमही तिचेच. जिच्या घरी लेकरू आजारी तिला रस्त्याकडचा धुरा, म्हणजे हाक ऐकू येते. जिला दिवस गेलेत तिनं पेंड्या फेकायच्या, वाकायचं नाही. आणि बोजारा सगळ्यांचा सारखा, बाळंतीण होऊन घरी पडलेलीचासुद्धा.

बोजारा हा रोवण्याचा मान. बांधीवरून कोणी पाहुणा, साहेब, पुढारी चालला की बाया त्याच्या वाटेत पऱ्ह्याची एक पेंडी आडवी ठेवतात. ती ओलांडून जायचं नाही. पाहुण्यानं वाकून उचलायची, बाईच्या हातात द्यायची आणि खुशीनं काय द्यायचं ते द्यायचं. पेंडी उचलली म्हणजे द्यायचं कबूल केलं. पण काय द्यायचं, किती द्यायचं ते देणाऱ्याच्या मनावर. मागणारीनं तोंडानं सांगायचं नाही. "सांगून घेतला तो बोजारा नव्हे, ते भीक होय," असं बायजाबाईच पोरीसोरींना शिकवत आली. नव्या सुनांनी कधी एखाद्या ग्रामसेवकाकडे साडी मागितली, तर तिनं त्यांना तिथल्या तिथं चिखलात बसवलं होतं.

अशा बाईला खोकला लागला तेव्हा पहिल्यांदा कोणी मनावरच घेतलं नाही. भाताच्या कोंड्याचा असेल म्हणून सोडून दिला. मग टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गिळून गिळून लघवी लाल झाली, खोकला तिथंच. थुंकीत रक्त आलं तेव्हा नागपुरात गार्डची नोकरी करणारा सुगत धावत आला आणि तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं कळलं, फेफड्यात गाठ आहे. कॅन्सर.

गावात याचा मोठा अचंबा झाला. बायजाबाईनं जन्मात बिडीला हात लावला नव्हता, तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात घातला नव्हता. तिची जोडीदारीण उषाबाई, जिचा गाल खर्ऱ्यानं सकाळपासून फुगलेला असतो, तिनं तर कपाळावर हात मारून घेतला. "मी खाऊ खर्रा आन गाठ तुले? हा कोनता न्याय वो, बायजा?" काही बाया मात्र पाठीमागे बोलल्या, चोरून ओढत असन. हे बायजाबाईच्या कानावर आलं तेव्हा ती त्यांच्या दारात गेली आणि म्हणाली, "तोंड हुंगून पाहा. हुंगा ना!" कोणी हुंगलं नाही.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं सांगितलं, एक ट्रस्ट आहे, संशोधनासाठी पैसा देतो, तुमच्या गाठीचं वाचन फुकटात होईल.

"गाठ का पोथी हाये, वाचाले?"

डॉक्टर चिडला नाही, हसला. त्यानं नीट समजावलं. सगळ्यांचा कॅन्सर एक नसतो. गाठीच्या आत काय बिघडलं ते ज्याचं त्याचं वेगळं असतं. आधी तो दोष शोधायचा, मग त्याच दोषाचं औषध द्यायचं. यात बायजाबाईला न समजण्यासारखं काही नव्हतं. करपा पडलेल्या धानाला तुडतुड्याची फवारणी केली तर करपाही जात नाही अन् पैसेही जातात. "मंग टीबीच्या गोळ्या मले करपा समजून देल्या का तुमच्यातल्या कोनं?" तिनं विचारलं. डॉक्टरनं सुईच्या तारखेचा कागद पुढं सरकवला.

पाठीतून सुई घालून तुकडा काढला, वाचायला पाठवला. वाचन आलं. दोष सापडला, आणि नेमकी त्याच दोषावर गोळी निघाली. रोज एक. ट्रस्टच्या पहिल्या टप्प्यात वाचनही होतं आणि गोळीही. महिन्याभरात खोकला बसला. पोळ्याला तिनं पुरणाचा घाट घातला आणि स्वतः खाल्लं.

पण गोळी फुकट असली तरी आपला हिस्सा घेतल्याशिवाय राहिली नाही. तोंडावर, छातीवर बारीक बारीक लाल फोड आले. हातापायाच्या बोटांत, नखांच्या कडेला मांस फुगून वर आलं आणि पू धरू लागला. रोवणाऱ्या बाईची नखं ती! रोप दोन बोटांत धरून चिखलात खुपसायचं म्हणजे नखच पुढं जातं. भावनानं, टोळीतल्या सगळ्यात लहान सुनेनं, आरोग्य केंद्रातून रबरी हातमोजे आणून दिले. पहिल्याच ओळीत त्यात चिखल भरला आणि बोटं फुग्यासारखी लटकायला लागली. मग बायजाबाईनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या मोहाच्या टोरीच्या, म्हणजे बियांच्या, तेलात भिजवून एकेका बोटाला गुंडाळल्या आणि पूर्ण पावसाळा तशीच रोवली. चिखल लागला की डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी आलं की ती म्हणायची, "गोळी लागू हाये."

त्याच दिवसांत ट्रस्टवाले येऊन फोटो काढून गेले. फोड आलेलं तोंड, चिंध्या गुंडाळलेली बोटं. तो फोटो पत्रकावर छापला. प्रतिक्षानं एक आणून दिलं तर उषाबाई म्हणाली, "बायजा, तू तं निवडनुकीले उभी राहिल्यावानी दिसून राहिली." बायजाबाईनं ते पत्रक पीठ चाळायच्या चाळणीखाली घातलं. कागद जाड होता.

उन्हाळ्यात पहिला टप्पा संपला आणि गोळी बंद झाली.

दुसऱ्या टप्प्यात फक्त वाचन होतं. म्हणजे आणखी लोकांच्या गाठी वाचायच्या, आणि जुन्या पेशंटांच्या पुन्हा वाचायच्या, दोष बदलला का ते पाहायला. गोळीसाठी पैसा मंजूर झाला नाही. काहून, हे प्रतिक्षानं एकदा चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. वाचनाची मशीन असते, मशीनवर देणाऱ्याच्या नावाची पाटी लावता येते. गोळी खाल्ली की संपली. तिच्यावर कोणाचं नाव लिहायचं? बाजारात विकत घ्यायची तर सुगतचा वर्षाचा पगार काही महिन्यांत उडाला असता, आणि स्वस्तातली जी गोळी मिळते ती या जातीच्या दोषाला चालत नाही, असं डॉक्टर म्हणाला. सरकारी कार्ड घेऊन सुगत तीन खिडक्या फिरला. चौथी जेवायला गेली होती.

आणि मग बायजाबाईची बोटं बरी झाली.

आधी पू आटला. मग फुगलेलं मांस बसलं. तोंडावरचे फोड खपल्या धरून गळून गेले आणि कातडी पोरीसारखी नितळ झाली. या वर्षीच्या रोवण्याला ती चिंध्या न बांधता बांधीत उतरली तेव्हा टोळीतल्या बायांना केवढा आनंद झाला! "मोठीमाय, बोटं पाह्य ना तुही, कशी साजरी झाली!" भावना म्हणाली. बायजाबाईनं बोटं चिखलात घातली. चिखल गार लागला. कुठं आग नाही, ठणका नाही. तिनं तोंड फिरवून घेतलं. गोळी अंगातून गेली, हे तिला रिपोर्टानं नाही, चिखलानं सांगितलं.

अकराच्या सुमाराला पांढरी गाडी रस्त्यावर येऊन उभी राहिली.

देणगीदार साहेब साठीच्या आसपासचे, उंच, पांढऱ्या मिशा, पायात नवे कोरे गमबूट. मागे कॅमेरावाला. साहेब धुऱ्यावरून सावकाश चालत आले, दोनदा घसरले, पण प्रतिक्षानं पुढं केलेला हात त्यांनी धरला नाही. माणूस हट्टी दिसत होता, हे बायजाबाईला आवडलं.

भावना वाटच पाहत होती. ती पळत गेली आणि धुऱ्यावर, साहेबांच्या बरोबर समोर, हिरवीगार पेंडी आडवी ठेवली. बाया चिखलातून सरसर वर आल्या.

"बोजारा द्या, साहेब!"

प्रतिक्षानं त्यांना घाईघाईनं रिवाज सांगितला. साहेब खूश झाले. खिशातून पाकीट काढलं, पाचशेची कोरी नोट काढली. "ही तुम्हा सगळ्यांना," म्हणाले. भावनाचा हात पुढं गेला.

"ठेव तो हात," बायजाबाई म्हणाली.

भावनाचा हात तिथंच थांबला. बायजाबाई गुडघ्यापर्यंतचा चिखल घेऊन धुऱ्यावर आली.

"तुम्हीच बायजाबाई?" साहेबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "ओळखलंच नाही हो मी!" त्यांनी मोबाइल काढला, त्यात पत्रकावरचा तो फोटो होता. एकदा फोटोकडे, एकदा तिच्या तोंडाकडे, असं करत ते कॅमेरावाल्याला म्हणाले, "हे घे, हे बघ. आधी आणि आता. काय फरक आहे! बोटं दाखवा बरं, बायजाबाई. अरे वा. एकही जखम नाही."

बायजाबाईनं दोन्ही हात पुढं केले. कॅमेरा जवळ आला.

"साहेब, हे बोटं बरे झाले म्हनून खुश होऊ नोका," ती म्हणाली. "गोळी बंद झाली म्हनून बरे झाले. गोळी चालू राहते तवा बोटं सडते. बोटं सडते तवा मी जगते."

साहेबांची मिशी हलायची थांबली. त्यांनी प्रतिक्षाकडे पाहिलं. "अहवालात तर पहिला टप्पा यशस्वी असं आहे."

"यशस्वीच झाला, सर," प्रतिक्षा हळूच म्हणाली. "नंतर संपला."

"मी लिहून पाठवलं होतं," तिनं मागाहून जोडलं, पण कोणाला उद्देशून ते तिलाही कळलं नसावं.

बायजाबाईनं धुऱ्यावरच्या पेंडीकडे बोट केलं. "हे पऱ्हे पाह्यता ना? महिन्याभरात उपटून रोवावं लागते. तुम्ही आमचे पऱ्हे टाकले. बीज फुकट, खत फुकट, सारं फुकट. उगवले. आन मंग म्हनता, रोवाले बांधी नाही, पऱ्ह्यातच राहू द्या, आमी दुसऱ्या गावात आनखी पऱ्हे टाकून राहिलो. वाफ्यात राहून राहून पऱ्हे म्हातारे होते, साहेब. गाठी धरते. मंग रोवले तरी पीक येत नाही."

साहेबांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. बायजाबाईला वाटलं, लागलं. माणसाला लागलं.

"किती सुंदर बोलल्या!" साहेब कॅमेरावाल्याकडे वळले. "घेतलं का हे? पऱ्ह्यांचं? नाही? बायजाबाई, पुन्हा एकदा बोलाल का, अगदी असंच? इकडे बघून."

उषाबाईनं तोंडातला खर्रा पचकन धुऱ्यापलीकडे थुंकला.

बायजाबाईच्या डोक्यात जाळ झाला. पण साहेबांचं तोंड पाहिलं तर त्यात थट्टा नव्हती, मस्ती नव्हती. माणूस खरोखर भारावला होता. हेच तर अवघड होतं. मालक मजुरी बुडवतो तेव्हा त्याच्या दारात उभं राहून त्याच्या सात पिढ्या काढता येतात. या माणसाच्या कोणत्या पिढीला हात घालायचा?

"मी नाटकवाली नाही दुसऱ्यांदा बोलाले," ती म्हणाली. "गोळीचं बोला."

साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला.

"माझी बायको याच आजारानं गेली, बायजाबाई," ते म्हणाले. "तेव्हा हे वाचन नव्हतं. तिला कोणता दोष होता, तेच आम्हाला कधी कळलं नाही. जे मिळालं ते औषध दिलं, सगळं उलटं लागलं. म्हणून मी पैसा देतो तो वाचनाला देतो. कोणाचं न कळता जाऊ नये म्हणून."

"माहं तं कळलं ना," बायजाबाई म्हणाली. "कळून जाऊ का मंग?"

साहेबांनी गमबुटाचा चिखल धुऱ्याला पुसला. त्यांनी सांगितलं की पैसा ट्रस्टला दिला की तो त्यांचा राहत नाही, तो ज्या कामासाठी लिहून दिला त्याच कामाला लागतो. एका पेशंटाला गोळी दिली तर बाकीच्यांना काय म्हणून नाही, असं समिती विचारेल. "समितीपुढं मांडतो मी. दिवाळीनंतर बैठक आहे."

"दिवाळीले धान कापाले येते," बायजाबाई म्हणाली. "मी कापाले येईन का ते सांगा."

प्रतिक्षानं खाकरून घसा साफ केला. "मावशी, एक होतं. दुसऱ्या टप्प्यात नाव ठेवायचं तं नवीन तुकडा द्यावा लागते. पुढच्या सोमवारी नागपूरले. वाचनात नाव राहिलं तं उद्या गोळी मंजूर झाली का पयले तुमालेच भेटन."

"पाठीत सुई?"

"हो."

"आन तुकडा देल्यावर गोळी?"

"त्याचं आता काही सांगता येत नाही."

बायजाबाईनं पदरानं तोंड पुसलं; चिखलाचा एक पट्टा गालावर उमटला. मग ती जे बोलली ते टोळीतल्या बायांनी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"साहेब, तुमचा नोट ठेवा पाकिटात. बोजारा गोळीचा पायजे."

"अवो बायजा!" उषाबाईच्या तोंडून निघून गेलं.

बोजारा सांगून मागायचा नसतो. हे ज्यांना हिनंच शिकवलं, ज्यांना यासाठी हिनं चिखलात बसवलं, त्या सगळ्या तिच्याकडे टकामका पाहू लागल्या. बायजाबाईचे कान तापले. पण शब्द तोंडातून गेला होता.

"गोळी येईन तवा तुकडा देईन," ती प्रतिक्षाला म्हणाली. "पयले गोळी. तवरक माह्या पाठीले सुई नाही."

"नाव कटन, मावशी."

"कट."

साहेबांनी पाचशेची नोट कोणाला द्यावी हे न कळून ती परत पाकिटात ठेवली. भावना त्या पाकिटाकडे पाहत राहिली. या वर्षीच्या बोजाऱ्याच्या पैशातलं मटण तिच्या डोळ्यांदेखत खिशात गेलं. साहेबांनी बायजाबाईला हात जोडले. "मी विसरणार नाही," म्हणाले. तिनंही चिखलाचे हात जोडले, "जय भीम" म्हणाली.

जाता जाता साहेब थांबले. धुऱ्यावरची पेंडी त्यांच्या पायाशी तशीच पडली होती. ते खाली वाकले, दोन्ही हातांनी ती उचलली, मुळांवरचं पाणी झटकलं, आणि लग्नात मिळालेला गुच्छ धरावा तशी छातीशी धरून गाडीकडे चालू लागले. बायांना वाटलं, आता वळतील, आता कोणाच्या तरी हाती देतील. ते वळले नाहीत. कॅमेरावाल्यानं दार उघडलं, पेंडी मागच्या सीटवर ठेवली, गाडी पवनीच्या दिशेनं निघून गेली.

"पेंडी नेली वो!" भावना ओरडली.

"आपल्याले भेट देली असं समजला तो," उषाबाई म्हणाली.

"पन उचलली ना? उचलली म्हनजे कबूल केलं! मोठीमाय, आता तं त्याले गोळी द्यावंच लागन!"

"त्याले माहीत तं पायजे, काय कबूल केलं ते," बायजाबाई म्हणाली.

प्रतिक्षा अजून चपला हातात घेऊन उभी होती. तिच्या सलवारीला मांडीपर्यंत चिखल लागला होता. "मी सांगते त्याइले, मावशी. आज फोन करून सांगते, पेंडी उचलल्याचा काय अर्थ होते ते."

"सांग. सांगाले काय जाते. तवरक सुकून जाईन ते सीटवर." मग थोडं थांबून, जरा खालच्या आवाजात, "जेवली का तू? नाही ना? धुऱ्यावर डबा हाये माहा, भाकर खाऊन जाय. तुह्यावर राग नाही माहा."

"माह्यावरच काढता पण."

"मंग कोनावर काढू? तूच तं येत राह्यते."

प्रतिक्षानं भाकर खाल्ली, उभ्यानं, मिरचीसोबत, आणि नाक ओढत स्कूटीवर बसून गेली.

उषाबाई शेजारी येऊन उभी राहिली. "नोट गेला. नाव गेलं. पेंडी गेली. आन इतके सालं आमाले सांगत आली, मांगू नोका म्हनून."

"हो," बायजाबाई म्हणाली. "मांगतलं मी."

तिला खोकल्याची उबळ आली. गेल्या आठवड्यापासून येत होती. आजवर ती पेंड्या आणायच्या निमित्तानं वाफ्याकडे जाऊन खोकत असे. आज गेली नाही. कंबरेवर हात ठेवून तिथंच, सगळ्यांसमोर, उबळ संपेपर्यंत खोकली. उषाबाईनं पाण्याची बाटली पुढं केली.

आज शेवटची बांधी होती आणि पऱ्हे मोजूनमापून उपटलेले. साहेबांनी नेलेल्या पेंडीची जागा कोपऱ्यात उघडी राहणार होती. वाफा रिकामा झाला होता. शेजारच्यांचे पऱ्हे वेगळ्या जातीचे, ते चालत नाहीत. बायजाबाई बांधीत उतरली. कोपऱ्याजवळच्या दाट ओळींत हात घालून तिनं एकेका बुंध्यातून दोन दोन रोपं मोकळी केली, बाकीची हलू न देता, आणि ती उघड्या जागेत लावायला घेतली. बोटं चिखलात शिरली. कुठंच काही दुखलं नाही. तिनं दात खाऊन रोप खुपसलं.

मागे भावना अजून रस्त्याकडे पाहत रोवत होती.

"भावना! ओळ वाकडी चालली तुही. गाडी गेली, तिकडे काय पाह्यतं? इकडे सरक."

भावना सरकली. बायजाबाईनं तिची दोन रोपं उपटून पुन्हा सरळ लावली आणि पुढच्या बुंध्यात हात घातला.